चौघांत जमत नाही

बबल सॉर्ट मी अकरा वर्षं शिकवतेय. बारावीच्या पोरांना, कॉम्प्युटर सायन्सच्या तासाला. फळ्यावर दहा आकडे वेडेवाकडे मांडायचे, शेजारशेजारच्या दोघांना जोखायचं, डावीकडचा मोठा निघाला तर जागा बदलायच्या, मग पुढची जोडी. दहा आकड्यांसाठी अशा ४५ तुलना. पाचवी-सहावी तुलना होईस्तोवर मागच्या बाकांवर जांभया सुरू. मलाही येते, मी फळ्याकडे तोंड करून देते.

आणि गेल्या नोव्हेंबरात एका रात्री साडेअकरा वाजता हाच बबल सॉर्ट मला नाचताना दिसला!

खरोखर नाचताना हो. छातीवर शून्य ते नऊ आकडे लावलेली माणसं एका ओळीत उभी. व्हायोलिनचा ठेका सुरू होतो, पहिले दोघं पुढे येतात, पाय आपटतात, एकमेकांभोवती फिरतात, आणि मोठा आकडा डावीकडे असेल तर गिरकी घेऊन जागा बदलून ओळीत परत. मग दुसरी जोडी. मग तिसरी. रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात तुर्गु मुरेश नावाचं शहर आहे, तिथल्या सापिएन्सिया विद्यापीठातल्या मंडळींनी २०११ मध्ये अशा नाचांची मालिका केली. बबल सॉर्टला हंगेरियन छांगो लोकनाच, इन्सर्शन सॉर्टला रुमानियन, मर्ज सॉर्टला तिथल्या जर्मन वस्तीचा. मी धड्यासाठी एखादं चित्र शोधायला बसले होते! सगळे आकडे एकदाचे क्रमानं लागले तेव्हा मी जोरात टाळी वाजवली. पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली, ‘‘मेला का?’’ तिला वाटलं डास.

मी एवढी का उसळले, त्याला कारण होतं. छत्तिसाव्या वर्षी मी पुण्यात एका कंटेम्पररी नाचाच्या वर्गाला जायला लागलेय, दर शनिवारी. लहानपणी कथकच्या काही परीक्षा दिल्या होत्या, तेवढीच पुंजी. वर्गातली बाकीची पोरं बावीस-तेवीसची, जमिनीवर अशी ओघळतात की अंगात हाडं आहेत की नाहीत कळू नये. त्याच आठवड्यात सरांनी गृहपाठ दिला होता: दोन मिनिटांची रचना, स्वतःची. आणि अट घातली. पाऊस, नदी, आई आणि विरह सोडून. ‘‘जे तुम्हाला येतं आणि या खोलीत दुसऱ्या कुणाला येत नाही, ते आणा.’’

मला काय येतं? सॉर्टिंग येतं. लिंक्ड लिस्ट येते. मी खिन्न होऊन घरी आले होते. त्यावर कुणी नाचतं का!

तर, नाचतं. ती रात्र मी झोपले नाही.

छांगो नाच हा काही आधुनिक नाच नव्हे, तो गावाकडचा. पण धागा हाती लागला होता. पहाटे दोनच्या सुमाराला मी बेल्जियमला पोचले. आन तेरेसा द कीर्समाकर या बाईंनी १९८२ मध्ये, वयाच्या बाविशीच्या आतबाहेर असताना, ब्रसेल्समध्ये ‘फाझ’ नावाची रचना सादर केली. संगीत स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराचं. राइशला १९६५ मध्ये दोन टेपरेकॉर्डरांनी एक गंमत दाखवली होती: एकच ध्वनिफीत दोन यंत्रांवर लावली, पण यंत्रांचा वेग काही अगदी सारखा नव्हता. एक आवाज हळूहळू दुसऱ्याच्या पुढे सरकत गेला. आपल्याला हे ठाऊक आहे! गणपतीत वरच्या मजल्यावरची आरती आणि आपली आरती एकदमच सुरू होते, आणि तिसऱ्या कडव्याला ते अर्धी ओळ पुढे असतात. आपण त्यांच्यावर चिडतो. राइशनं त्यातून १९६७ मध्ये ‘पियानो फेज’ लिहिलं. बारा सुरांचा एक तुकडा, वाजवणारे दोघं. एकजण लय धरून राहतो, दुसरा कणाकणानं पुढे जातो, एका सुरानं पुढे पोचला की तिथे थांबतो, मग पुन्हा निघतो. अशा बारा सरकण्या झाल्या की दोघं परत एकत्र.

द कीर्समाकरबाई यावर दोन बायका उभ्या करतात. शेजारी शेजारी, साधे झगे, हात झोके घेतायत, अंग अर्धवट वळतंय आणि परत येतंय. बस्स, एवढंच. मागच्या भिंतीवर सावल्या पडतात, आणि त्या दोन नसतात, तीन असतात. दोघींची एकेक, आणि मध्ये दोघींची मिळून एक गडद. आता एकीनं वेग किंचित वाढवला. प्रथम तुम्हाला कळतच नाही. मग मधल्या सावलीच्या हाताला दुसरा हात फुटतो. मग डोक्याला डोकं. ती एक बाई दुभंगत जाते, दुभंगत जाते, आणि तुम्ही खुर्चीच्या कडेला येऊन बघत असता की आता या दोघी पुन्हा भेटणार का. भेटतात! सावली पुन्हा एक होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिथे दुःखाचा एकही हावभाव नव्हता. होता तो फक्त लयीतला फरक.

याच रचनेचा एक एकल भाग व्हायोलिनवर आहे. पुढे त्याचं चित्रीकरण झाडीत, पांढऱ्या वाळूवर केलंय. वरून कॅमेरा. बाई नाचतेय आणि वाळूत वर्तुळ उमटतंय, वर्तुळात आऱ्या, आऱ्यांचं फूल. पायानं काढलेली रांगोळी.

तेव्हा मला माझ्या कथकच्या ताई आठवल्या. बोटांच्या पेरांवर मोजत तिहाई बसवायच्या. तीनतालात समेवरून निघून पुढच्या समेवर यायचं, म्हणजे १७ मात्रांचा हिशोब: पाच मात्रांचा बोल, एक मात्रा दम, पुन्हा पाच, एक दम, पुन्हा पाच, आणि शेवटचा ‘धा’ धाडकन समेवर. तीन पाचे पंधरा अधिक दोन. मी तेव्हा सातवीत होते आणि हे गणित आहे असं माझ्या मनातही आलं नव्हतं. गणित शाळेत असायचं, हे क्लासमध्ये.

पुढचे आठ दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. जो भेटेल त्याला काहीतरी सांगत सुटले. तुम्हाला ठाऊक आहे का, १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हिरवळीवर शेकडो पोरापोरींनी लोळत, नाचत, गाण्याच्या तालावर प्रथिनं तयार केली? म्हणजे पेशीत प्रथिनं कशी तयार होतात ते करून दाखवलं. सुरुवातीला शांतपणे समजावून सांगणारे गृहस्थ पॉल बर्ग; त्यांना पुढे १९८० मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तुम्हाला ठाऊक आहे का, वेन मॅक्ग्रेगर या ब्रिटिश नृत्यकारानं स्वतःच्या जनुकांचं पूर्ण वाचन करून घेतलं आणि २०१७ मध्ये त्यावर तेवीस तुकड्यांची रचना केली, आपल्या गुणसूत्रांच्या जोड्या तेवीस म्हणून, आणि दर प्रयोगाला तुकड्यांचा क्रम संगणक ठरवतो? स्टाफरूममधले लोक चहाचे कप घेऊन सरकायला लागले.

मर्स कनिंगहॅमबद्दल मात्र मला जरा सावकाश सांगू द्या. अमेरिकेतल्या आधुनिक नाचाचा हा मोठा माणूस. १९५१ मध्ये त्यानं ‘सिक्स्टीन डान्सेस’ केलं, आणि त्याचा विषय काय असावा? आपले नवरस! शृंगार, हास्य, करुण, सगळे. आणि तुकड्यांचा क्रम ठरवताना त्यानं नाणं उडवलं. मी नवरस घोकले ते रांगेत, पाढ्यासारखे. शृंगारानंतर हास्य, हास्यानंतर करुण. भयानकाच्या पाठीवर एकदम हास्य आलं तर चेहऱ्याचं काय होईल, याचा विचारही केला नव्हता. आरशासमोर करून पाहिलं. फारच विचित्र होतं, आणि फार खरं. आपल्याला एखाद्याच्या दहाव्याला हसू फुटतं ना, तसं.

पण मी जिथे खरी अडकले ते ठिकाण म्हणजे बेकेट. हो, तोच नाटककार, गोदोची वाट बघायला लावणारा. १९८१ मध्ये त्यानं जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या टीव्हीसाठी ‘क्वाड’ नावाचा एक शब्दहीन तुकडा केला. एक चौकोन. चार माणसं, पायघोळ झगे, डोक्यावरून ओढलेल्या टोप्या, चेहरे दिसतच नाहीत. पांढरा, पिवळा, निळा, लाल. ती चौकोनाच्या कडांवरून आणि कर्णांवरून भराभर चालतात, कुणी कुणाकडे बघत नाही. कर्णावरून जाताना चौकोनाचा मध्य आला की प्रत्येकजण दचकल्यासारखा वळसा घालतो. मध्ये काय आहे? काहीच नाही! आणि आत येण्या-जाण्याचा नियम असा की जो आधी आला तो आधी बाहेर पडणार.

मी किंचाळलेच. हा क्यू आहे! बारावीच्या पुस्तकातला डेटा स्ट्रक्चर! रेशनच्या रांगेचं उदाहरण देऊन देऊन मी ज्याला पार मारून टाकलाय तो!

बेकेटच्या तुकड्यात चौघांच्या सगळ्या जोड्या, सगळी त्रिकुटं येतात, पण काही पुन्हा पुन्हा येतात. त्यावरून गणितवाल्यांनी एक कोडं घातलं. रिकाम्या रंगमंचापासून सुरुवात. दर वेळी एकच बदल: एक माणूस आत, किंवा एक बाहेर. बाहेर जाणार तो सगळ्यात आधी आलेलाच. प्रत्येक जमाव एकदाच यायला हवा, एकही गळायला नको, आणि शेवटी पुन्हा रिकामं. याला बेकेट-ग्रे कोड म्हणतात.

आधी दोघींचं करून पाहा. रिकामं. मी येते. ती येते. आता जायचं कुणी? आधी आले मी, म्हणजे मीच. ती एकटी उरते. मग ती जाते. रिकामं. चार चाली, दुसरं काही नाही. वर्गातली एक मुलगी आणि मी हे फक्त चालत केलं, हात खाली, चेहरा कोरा, आणि बघणाऱ्या दोन पोरींपैकी एक म्हणाली, ‘‘ताई, ती मागे एकटी राहते ना, तेव्हा कसंतरी होतं.’’ विरह सरांनी बंद केला होता. तो क्यूच्या नियमातून मागच्या दारानं आत आला!

मग मी हट्टालाच पेटले. दोन मिनिटांची रचना चौघांची करायची. वर्गातल्या दोन मुली, मी आणि आमच्या कॉलेजचे फिजिक्सचे सर. ते नाचत नाहीत, पण त्यांना चालता येतं आणि त्यांनी वही आणायचं कबूल केलं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या जागेत चौकोन आखला. खडू त्या खडबडीत कोब्यावर उमटेना, म्हणून रांगोळीनं. वॉचमनकाका वर येऊन बघून गेले आणि खाली जाऊन सांगितलं की मॅडमच्या घरची कसली तरी शांत चाललीय.

चौघांचे जमाव सोळा, रिकामा धरून. सर वहीत लिहीत होते: आत असेल तर एक, बाहेर असेल तर शून्य. ०००१, ००११, ०१११. दर बदलाला आठ मात्रा. पहिल्या शनिवारी आम्ही कुठेतरी अडलो, पुन्हा तीच जोडी समोर आली. परत सुरुवात. पुन्हा अडलो. कुणीतरी म्हणालं, चुकून दुसरीच्या आधी तिसरा गेला वाटतं. परत. अंधार पडत आला होता, टाकीवरचा दिवा लागला, आणि अकराव्या की बाराव्या खेपेला मी वळसा घालायला विसरले आणि मधोमध फिजिक्सच्या सरांच्या कपाळावर कपाळ आपटलं. असा आवाज आला की कबुतरं उडाली. मला टेंगूळ, त्यांच्या चष्म्याची दांडी वाकलेली. मध्य टाळायचा असतो, हे बेकेटनं सांगून ठेवलंच होतं.

दुसऱ्या शनिवारीही तेच. मुली कंटाळल्या. मला वाटू लागलं, मीच मठ्ठ. शेवटी रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला, वीस-पंचवीस ओळींचा पायथन लिहिला. सगळ्या वाटा तपास, आणि किती जमतात ते सांग. एन्टर दाबून बोट उचलेपर्यंत उत्तर आलं होतं.

शून्य.

आम्ही चुकत नव्हतो! चौघांत ते जमतच नाही. मागाहून वाचलं, हे आधीच सिद्ध आहे: दोघांत जमतं, तिघांत नाही, चौघांत नाही. बेकेटलाही जमलं नव्हतं कारण जमण्यासारखं काही नव्हतंच. दोन शनिवार आम्ही जे शोधत रांगोळी तुडवत होतो ते अस्तित्वातच नव्हतं, आणि आमची शरीरं ते आम्हाला सांगत होती, दर वेळी अडून. मला इतका आनंद झाला की मी साडेदहाला चौघांच्या ग्रुपवर नुसतं मोठं शून्य पाठवलं. सरांचं उत्तर आलं: ‘‘चष्म्याचे साडेतीनशे.’’

आई तोवर मागे येऊन उभी राहिली होती. आई चाळीसगावची, गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. तिला वाटतं मी जे करतेय तो नाच नाही आणि गणितही नाही. पण पडद्याकडे बघून म्हणाली, ‘‘अगं, हे अंकपाशासारखंच की.’’ अंकपाश म्हणजे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला शेवटचा भाग, आकडे किती तऱ्हांनी मांडता येतात त्याचा. त्यात एक प्रश्न आहे: हरीच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख, आलटून पालटून धरले तर हरी किती प्रकारचे? चोवीस. म्हणून केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं, आणि प्रत्येकाच्या हातातला क्रम वेगळा. तिथेच दहा हातांच्या शंभूचाही प्रश्न आहे, दहा आयुधं. उत्तर ३६,२८,८००.

‘‘चोवीस आपण आत्ता करू,’’ आई म्हणाली.

रात्री अकराला, स्वयंपाकघरात. मी पुढे, आई माझ्या मागे चिकटून, मिळून चार हात. लाटणं, सांडशी, पळी आणि वाटी. नियम मी घातला, बबल सॉर्टवाला: दर वेळी फक्त शेजारच्या दोन हातांतल्या वस्तूंची अदलाबदल. अशा चालींनी चोवीसच्या चोवीस रूपं होतात, एकही दोनदा येत नाही. इंग्लंडातले चर्चच्या घंटा वाजवणारे सतराव्या शतकापासून हेच करत आलेत, चार घंटा, चोवीस क्रम. लाटणं आईच्या डाव्या हातातून माझ्या डाव्यात, तिथून माझ्या उजव्यात, तिथून तिच्या उजव्यात, मग पळी-वाटीची अदलाबदल, आणि लाटणं परत निघालं उलट्या वाटेनं. मला मागचं दिसत नव्हतं. आईची बोटं माझ्या बोटांना शोधत यायची. चौदाव्या रूपाला वाटी पडली. खालच्या मजल्यावरच्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

पाटणादेवी आमच्या चाळीसगावपासून जवळच. तिथे पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. मी शाळेच्या सहलीत तिथे तीनदा गेलेय. मला आठवतात ती फक्त माकडं. आणि ‘लीलावती’त माकडांचंही गणित आहे! शंभर हात उंच झाड, दोनशे हातांवर विहीर, एक माकड उतरून चालत जातं, दुसरं वर उडी घेऊन तिरपी झेप टाकतं, दोघांचं अंतर सारखंच. उडी किती? पन्नास हात. नऊ हात उंच खांबावर बसलेला मोर आहे, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ, साप सत्तावीस हातांवरून बिळाकडे निघालाय, मोर झेपावतो, सारखंच अंतर कापून दोघांची बिळापासून बारा हातांवर गाठ पडते. उंची, तिरपी रेघ, वेग, झडप. इसवी सन ११५० मधल्या या पुस्तकाला मी आजवर गणिताचं पुस्तक समजत होते.

‘लीलावती’वर नाचावं हे सुचणारी मी पहिली नाहीच, हेही त्याच आठवड्यात कळलं. चंद्रलेखा, महाराष्ट्रातल्या वाडा या गावी जन्मलेल्या आणि चेन्नईत भरतनाट्यमला मुळापासून हलवणाऱ्या, त्यांनी १९८९ मध्ये रचना केली होती, नाव ‘लीलावती’. भास्कराचार्यांचीच. तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. मत्सर म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं.

तर, आता पाच. पाचांत जमतं! प्रोग्रॅमनं वाटा काढून दिल्यात, मी त्यातली एक निवडलीय. पाच माणसांचे ३२ जमाव, दर जमावाला आठ मात्रा, म्हणजे २५६ मात्रा. दोनशे छप्पन्न! कॉम्प्युटरवाल्यांना हा आकडा ऐकून काय होतं ते कॉम्प्युटरवालेच जाणोत. तीनतालाची बरोबर सोळा आवर्तनं. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर दोन मिनिटं आठ सेकंद. नाचाच्या सरांनी दोन मिनिटं सांगितलीत. आठ सेकंद मी मागून घेईन.

पाचवा माणूस तेवढा मिळत नव्हता. वर्गातल्या पोरांना स्वतःच्या रचना आहेत, वॉचमनकाकांची ड्यूटी असते. गेल्या शनिवारी आम्ही चौघं पाचव्याची जागा रिकामी सोडून चालत होतो, आणि आई दोरीवरचे कपडे काढता काढता बघत होती. चादर खांद्यावर टाकून तशीच चौकोनाच्या कडेला येऊन उभी राहिली.

‘‘त्या मधल्या जागेत कुणी जात नाही ना?’’

‘‘नाही. सगळे वळसा घालतात.’’

‘‘मग तिथे माझी खुर्ची ठेव. माझी पाळी आली की मी येऊन बसेन, जायची आली की उठेन. गुडघ्यांना तेवढं चालेल.’’

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. फिजिक्सच्या सरांनी वहीत चौकोन काढला, मधोमध एक ठिपका दिला. लोखंडी घडीची खुर्ची होती जिन्याखाली, ती मी काल वर नेऊन ठेवलीय.